सावलीत वाळवलेली काच

हे आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तिला तर अजून वाटतं, नवरा मोठा संशोधक आहे. वाटू द्या म्हणत इतकी वर्षं काढली.

गोंदियाच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो. दोन हजार सालानंतर पीएच.डी.चं खूळ डोक्यात शिरलं. काम ऐकायला भारी होतं. लेझरचा किरण दोन भागांत तोडायचा, आणि दोन काचांमधल्या पातळ रसायनावर ते भाग पुन्हा एकत्र पाडायचे. उजेड पडेल तिथे प्लास्टिक घट्ट होतं, अंधारात द्रावण साचतं. वरची काच उचलून ते द्रावण वाळवून काढलं की मागे उरतात डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांचे थर. ते एकच रंग परत फेकतात, बाकीचे आरपार सोडतात. झाला फिल्टर! — कागदावर.

प्रत्यक्षात कॉलेजला लागून रेल्वेचे रूळ. मालगाडी गेली की टेबल थरथरायचं आणि सगळं मुसळ केरात. मग लॅबमधल्या मंदाबाई भिंतीला तळहात लावून उभ्या राहायच्या. "थांबा जी सर, गाडी येऊन राहिली." मला काही ऐकूही आलेलं नसायचं. एकदाही चुकल्या नाहीत हो त्या!

मंदाबाई सौंदडहून यायच्या, रोजंदारीवर. त्याआधी राइस मिलमध्ये उकडलेलं धान वाळवायच्या. आमच्याकडे काम काय, तर काचसामान धुणं.

माझी गाडी अडली ती वाळवण्यावर. ओव्हनमध्ये ठेवलं की भोकं खचून बसायची, काच दुधासारखी पांढरी. कित्येक महिने हेच. शेवटी मंदाबाईच वैतागल्या. "कायले भाजून राहिले जी त्याले? धान घाईनं वाळवलं का मिलात कणी होते. सावलीत ठेवा, झाकून. दम धरा जरा."

मी हसलो. हसलोच — काय सांगू? पण एक काच बशीखाली झाकून कपाटात ठेवली. चार दिवसांनी काढली तर हिरवी! पोपटासारखी हिरवी. फुंकर घातली की भोकांत वाफ शिरून तांबडी व्हायची, क्षणात परत हिरवी. "अव माय!" म्हणून मंदाबाईंनी टाळी वाजवली. कड तुटलेला एक तुकडा मी त्यांना दिला. असं डोकं मला पुढे कुठल्याही परिषदेत भेटलं नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो.

प्रबंधात लिहिलं — ही पद्धत मला सुचली. चोरी म्हणायची का? म्हणा. पण सांगायचं ते हे नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत चहा चालला होता. बाहेरून आलेले परीक्षक त्या वाळवण्याचंच कौतुक करत होते. तेवढ्यात प्राचार्यांनी मला विचारलं, "रोजंदारीतलं एक माणूस कमी करायचंय. त्या मंदाबाईला प्रयोगातलं काही कळतं का? कळत असेल तर ठेवू."

एक वाक्य पुरलं असतं. पण परीक्षक समोर होते ना — कपबशी हातात धरून, माझ्याकडे बघत.

मी म्हणालो, "नाही सर. बाटल्या धुते."

महिनाअखेर त्या गेल्या. पुन्हा मिलच्या वाळवणावर, उन्हात. का काढलं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी विद्यार्थ्याच्या लग्नाला सौंदडला गेलो. मंदाबाईंनी मांडवात ओळखलं आणि ओढतच घरी नेलं. फळीवरच्या डब्यातून, फडक्यात गुंडाळलेला तो तुकडा काढला. सुनेला हाक मारली, फुंकर घातली. तांबडा झाला, मग हिरवा. टाळ्या वाजवणारे ते हात पार भेगाळले होते.

"पाह्य वो, हेच ते सर. यायनंच बनवली ही काच. लय डोकं आहे यायले."

सून चहाचा कप हातात देऊन माझ्याकडे कौतुकानं बघत होती. प्राचार्य नव्हते, परीक्षक नव्हते. खोलीत आम्ही तिघंच.

मी म्हणालो, "चहा चांगला झालाय."