वसंताची सायकल अन् निशाची टोपली

…नाही, ते चहाचं खोडून टाक, ते लिहायचं नव्हतं. वसंताचं लिही, मृणाल. आपल्या शेजारचा वसंता, पावरलूमवर ताणा जोडतो तो. लूमवर नवा बीम, म्हणजे सुताचा मोठा रूळ, चढला का जुन्या सुताला नवं सूत जोडा लागते, एकेक धागा. दिवसभर लूममागे वाकून बसायचं. बसून बसून त्याची कंबर धरली.

एका कारखान्यातून दुसऱ्यात तो सायकलीवर जाय. आपल्या गल्ल्यांत ऑटो शिरत नाही. सायकल सुटली का काम सुटलं, सीधी गोष्ट आहे.

जुन्या सायकलीवर बसवेना, म्हणून पोरानं, पंकजनं, इंदूरहून रेसवाली सायकल पाठवली, वाकड्या हँडलची. चांगल्या मनानं पाठवली बिचाऱ्यानं, पण तिच्यावर माणूस ओणवाच राहते. वसंतानं हँडल उलटं फिरवलं, सीटवर चिंध्यांची गादी बांधली. तरी दांड्यावरून पाय जाईना. मग आपल्या ओट्याला टेकून चढे. चढला ते ठीक, पण उतरणार कुठे? हर कारखान्यापुढे ओटा थोडीच आहे. एक दिवस पडला. मालक म्हणे, "वसंतभाऊ, दुसरा माणूस पाहू का?"

अन् घरात निशाची सायकल उभी होती. लेकीला नववीत शाळेतून भेटलेली, बिनदांड्याची, पुढे टोपली. हँडल उंच, सीट रुंद, माणूस ताठ बसते. त्याची बायको सुनंदा म्हणे, "ही घ्या ना."

"लेकीची आहे ती. लग्न करून दिली, आता तिचं घेऊ?"

जसोंडीला लेकीच्या सासरी पाणी पिला तरी तांब्याखाली नाणं ठेवून येते, असा माणूस. निशा फोनवर म्हणे, "बाबा, गंजून राहिली ती, चालवा." ऐकेच ना.

मग मीच म्हटलं, "वसंता, घेऊ नको. बदलून घे. जावई पोलीस भरतीची तयारी करून राहिला ना? रेसवाली ललितला दे. भावाची सायकल बहिणीकडे गेली, त्यात काय वाईट?"

त्यानं दाढी खाजवली. मग म्हणे, "मावशी, हे चालते."

रविवारी ललित येऊन घेऊन गेला. सोमवारी वसंता लेडीज सायकलीवर कारखान्यात. पोरं म्हणे, "काका, कोणत्या वर्गात नाव टाकलं?"

"नववीत," वसंता म्हणे. "टिफिनपण आणला, टोपलीत पाहा."

आता दारापुढे नुसता पाय खाली टेकवते अन् उतरते. मालकानं दुसऱ्या माणसाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

पण काल पुन्हा आला, तोंड पाडून. म्हणे, सायकलीच्या बदल्यात सायकल झाली, टोपली तर वरची राहिली. तिच्यासाठी चोळीचा कपडा आणून माझ्याजवळ ठेवून गेला. हिरवा आहे, चांगला आहे. तर हे वाचणारं कोणी जसोंडीकडे जात असेल तर निशाला एवढं सांगा, बाई, मावशीकडून तुझा कपडा घेऊन जा, म्हणजे तुझा बाप आरामात सायकल चालवीन.