जो खेळतच नव्हता, त्याच्यावर लावलेली पैज

टेनिसने माझं फार वाटोळं केलं, आणि मी जन्मात कधी रॅकेट हातात धरलेली नाही. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांनीही धरलेली नव्हती.

ते म्हणजे माझे भावजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोह्यात तेल कंपनीच्या कचेरीत आम्ही दोघंही कारकून होतो. रत्नागिरीहून मला त्यांनीच आणलं, नोकरीला त्यांनीच चिकटवलं, आणि हे ते मला उठताबसता ऐकवायचे. डाळीत मीठ जास्त झालं असं मी म्हटलं तरी म्हणायचे, "अरे, ही डाळ तुला कुणामुळे खायला मिळतेय?" आता यावर माणसाने बोलायचं काय?

आम्ही सगळे कोकणातले लोक एका मेसमध्ये राहायचो. कुणी रत्नागिरीकडचे, कुणी श्रीवर्धनकडचे. गावात जशी जमात असते तशी मेसची पण एक जमात होती. भांडणतंटा झाला की जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजानंतर सगळे गोल बसायचे आणि निकाल द्यायचे. भावजी या जमातीचे पुढारी. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. त्यांचा आवाज मोठा होता, एवढंच.

कचेरीच्या मागे गोऱ्या साहेबांचं टेनिस कोर्ट होतं. ऊन उतरलं की पांढऱ्या चड्ड्या घालून साहेब लोक खेळायचे आणि आमचे भावजी कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे. उन्हाळ्यात विलायतेतल्या मोठ्या स्पर्धेच्या दिवसांत तर साहेबांच्या क्लबात पैजा लागायच्या. कोण जिंकणार, कोण हरणार. ते बघून भावजींना जे वारं लागलं ते लागलंच. त्यांनी एक रेडिओ आणला, क्लबातले जुने इंग्रजी पेपर आणून उशाखाली ठेवले. मग त्या दिवसांत मेसमध्ये संध्याकाळी जेवण नाही, गप्पा नाहीत, नुसता खरखराट आणि मधूनच टाळ्या. भावजी हात वर करून आम्हाला गप्प करायचे. इंग्रजी त्यांना कळायचं निम्मं आणि बाकीचं निम्मं ते स्वतः घालायचे.

पैज लावायची म्हणजे पैसे आले, आणि पैसे आले की जुगार, जुगार म्हणजे हराम. यावर भावजींनी तोड काढली होती. पैसे लावायचेच नाहीत! पाळी लावायची. मेसमध्ये सगळं पाळीनेच चालायचं. स्वयंपाकाची पाळी, पाण्याची पाळी, कपडे वाळत घालायच्या दोरीची सुद्धा पाळी. कुणाचा खेळाडू हरला की त्याने समोरच्याची भांडी घासायची.

"पैसा कुठे आहे यात?" भावजी विचारायचे. "दाखव मला पैसा."

"भावजी, पैज ती पैजच."

"तू दीनधर्म शिकवणार मला? बस गप."

भांड्यांपर्यंत ठीक होतं. पण एक पाळी भांड्यांची नव्हती. ती रजेची होती.

आमच्या खात्यातून एका मोसमात थोडेच लोक घरी जाऊ शकत. साहेबाने ते आमच्यावर सोडलं होतं. म्हणाला, तुमचं तुम्ही आपसात ठरवा, मला नावं द्या, मी सही करतो. मग जमातीने ठरवलं की रजेची पाळी माणसाची नाही, घराची. भावजी आणि मी एका घरचे धरलेले. आदल्या मोसमात ते जाऊन आले होते. या वेळची पाळी माझी होती.

आणि ती मला हवीच होती, कारण पावसाळा संपल्यावर माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह ठरला होता. आमचे अब्बा लवकर गेले. चुलता नाही, दुसरा भाऊ नाही. तिचा वली मीच. वली म्हणजे निकाहात मुलीच्या बाजूने उभा राहणारा, तिला देणारा. ती माझ्या कडेवर वाढलेली पोरगी. मी इथे यायला निघालो तेव्हा बंदरावर येऊन तिने मला दम दिला होता, "भाई, माझ्या लग्नाला आला नाहीस तर मी कबूल म्हणणारच नाही, सांगून ठेवते." मी हसलो होतो. साहेबाने रजेवर सही केली होती, बोटीचं बोलून ठेवलं होतं, तिच्यासाठी कापड घेऊन ट्रंकेत ठेवलं होतं. सगळं झालं होतं.

तर एका जुम्याला कंपनीची लॉरी मिळाली आणि आमची मेस समैस्म्याला समुद्रावर गेली. मी नेमका तापाने पडलो होतो, म्हणून खोलीवरच राहिलो. तिथे मासे भाजता भाजता यांचं टेनिस सुरू झालं. आमच्यात स्टोअरकीपरचं काम करणारे एक वडीलधारे गृहस्थ होते, श्रीवर्धनचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. माणूस शांत, पण कुणी फुशारकी मारली की त्यांना राहवायचं नाही. भावजी म्हणाले, गेल्या वर्षी जिंकला तोच यंदा जिंकणार, लिहून घ्या. चाचा म्हणाले, नाही जिंकणार. भावजी म्हणाले, लावता? चाचा म्हणाले, लावतो. भावजी चिडले आणि म्हणाले, "आमच्या घरची रजेची पाळी लावली!"

आमच्या घरची! म्हणजे माझी! मी इकडे पांघरूण घेऊन कुडकुडतोय आणि हा माणूस तिकडे मासे खात माझी रजा पैजेला लावतोय.

संध्याकाळी आल्यावर त्यांनीच मला सांगितलं, वर हसत हसत. मी अंथरुणात उठून बसलो. "भावजी, अहो, तिचा निकाह आहे!"

"अरे, तो हरतच नाही. तू त्याला बघितलायस का?"

"तुम्ही तरी कुठे बघितलाय?"

"रेडिओवर बघितलाय," ते म्हणाले. "काळजी करू नको. इन्शाल्ला, उलट चाचांची पुढची पाळी पण आपल्याला मिळेल."

स्पर्धा सुरू झाली. नमाज, ऑफिस आणि रेडिओ, एवढंच चाललं होतं. टेनिसचा तिटकारा असलेला मी, त्या खरखरीला कान लावून त्या माणसाचं नाव ऐकायचा प्रयत्न करत बसायचो. नाव काही येईना. पहिल्या दिवशी भावजी म्हणाले, आज त्याचा सामना नसेल. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मोठ्या खेळाडूंना उशिरा उतरवतात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पाऊस असेल तिकडे. पुढे पुढे नुसतेच "थांब, थांब" म्हणायला लागले.

शेवटी मी माझ्या साहेबाला विचारलं. टाइप केलेले कागद त्याच्यासमोर ठेवले आणि घसा खाकरून म्हटलं, साहेब, गेल्या वर्षीचा चॅम्पियन यंदा कधी खेळणार? साहेबाने मान वर केली. त्याला वाटलं, आणखी एक टेनिसवेडा मिळाला. खुशीत येऊन त्याने सगळं समजावलं. तो माणूस हिवाळ्यातच व्यावसायिक झाला. पैसे घेऊन गावोगाव खेळतो. आणि एकदा खेळाचे पैसे घेतले की या मोठ्या स्पर्धांना त्याला बंदी. मैदानात पाऊल टाकता येत नाही. "खेळतच नाहीये तो," साहेब म्हणाला आणि खिडकीतून कोर्टाकडे बघत हळहळला.

मी मेसवर आलो ते डोकं फिरूनच. "भावजी, अहो, तो खेळतच नाहीये!"

"म्हणजे?"

"म्हणजे तो त्या गावात पण नाहीये! तुमच्या उशाखालचे पेपर गेल्या वर्षीचे आहेत! जो खेळत नाही त्याच्यावर तुम्ही माझी बहीण लावलीत!"

बहीण लावलीत हे जास्त झालं, पण तोंडातून गेलं ते गेलं. भावजींचं तोंड एवढंसं झालं. पण किती वेळ? चहा पिऊन होईपर्यंत. मग लगेच म्हणाले, "खेळला नाही म्हणजे हरला नाही. पैज खलास!"

चाचा म्हणाले, "पैज तो जिंकण्याची होती. जिंकला का?"

झालं, जुम्याला जमात बसली. टेनिस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही अशी माणसं मांड्या घालून, खेळला नाही तो हरला की नाही यावर बोलत होती. एकाने तर विचारलं, त्याने निदान रजेचा अर्ज दिला होता का? मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. निकाल लागला. शब्द दिला तो दिला, पाळी चाचांची.

मी चाचांना एका बाजूला घेऊन हात जोडले. ते खरंच कासावीस झाले. "मला आधी माहीत असतं तर घेतलीच नसती रे. पण मी घरी कळवून बसलो, येतोय म्हणून. बायको कधीची वाट बघतेय." त्यांनाही घरी जाऊन फार काळ झाला होता. त्यांच्यावर मी काय रागावणार?

मी साहेबाकडे जाऊन सगळं मोडू शकलो असतो. साहेबाची सही माझ्याच नावावर होती. पण मग भर मेसमध्ये भावजींचा शब्द खोटा पडला असता. ते आमच्या घरचे जावई. त्यांची मान खाली गेली की माझ्या थोरल्या बहिणीला गावात ऐकावं लागणार. जावयापुढे आम्ही सगळे मुके! संताप गिळून बसलो.

तेव्हा चाचाच म्हणाले, "मी होतो तुझा वकील." आमच्यात वलीला येता आलं नाही तर तो आपल्या जागी वकील नेमतो. तो साक्षीदारांना घेऊन मुलीकडे जातो, तिला विचारतो, कबूल आहे का. माझ्यासमोर दुसरा रस्ता नव्हता. ज्याने माझी रजा जिंकली, त्यालाच मी चारचौघांच्या साक्षीने माझ्या बहिणीसाठी नेमलं. ट्रंकेतलं कापड त्यांच्या हातात दिलं. बोट सुटली त्या दिवशी मी धक्क्यावर गेलो नाही. भावजी गेले, रुमाल हलवायला!

चाचा परत आले ते आंबोशी घेऊन. निकाह छान झाला म्हणाले. अम्माला सांगितलंय की साहेबाने रजा दिली नाही, तूही तेच सांग. मग आंबोशीची पुडी माझ्या हातात ठेवत म्हणाले, "पोरगी हसत हसत कबूल म्हणाली हो."

हसत हसत! मला ते इतकं लागलं की काय सांगू. म्हटलं, बघा, बंदरावर केवढा दम देत होती. माझ्यावाचून काही अडलं नाही तिचं. आंबोशी मी कुणाला तरी देऊन टाकली.

पुढे काही वर्षांनी तिच्या नवऱ्याने रय्यानच्या रस्त्यावर कापडाचं दुकान टाकलं आणि ती दोह्याला राहायला आली. चाचा तोवर कायमचे गावी गेले होते. दर जुम्याला मी आणि भावजी तिच्याकडे जेवायला. आणि दर जुम्याला, ताटं वाढता वाढता, ती न चुकता साहेबाचा उद्धार करायची. "त्या मेल्या साहेबाचं तळपट होवो. एका पोरीच्या निकाहाला भावाला सोडलं नाही मेल्याने. डोक्यात भुसा भरलेला असणार." माझा साहेब बिचारा, सही करून मोकळा झालेला! आणि भावजी? भावजी मासळीचा तुकडा तोंडात घालून मान डोलवायचे. "फार वाईट साहेब होता. फार वाईट." मला वाटायचं, समोरचं कालवण यांच्या डोक्यावर ओतावं.

मग एका जुम्याला भावजी उड्या मारत आले. रेडिओवर बातमी होती. यंदापासून पैसे घेऊन खेळणाऱ्यांनाही मोठ्या स्पर्धांत घेणार. बंदी उठली! "आपला माणूस परत येतोय! मी म्हणत नव्हतो? यल्ला, बोल, काय लावतोस?"

काय लावतोस! त्या माणसाला परत त्याच्या मैदानात घेणार होते. मी ज्या दिवशी घरी असायला हवा होतो तो दिवस मला कोण परत देणार होतं? माझा तोल गेला. मी बहिणीकडे वळून ओरडलोच. "ऐक! साहेबाने काही केलं नाही! साहेबाने सही दिली होती! या माणसाने माझी रजा टेनिसच्या पैजेत घालवली, आणि ती पण असल्या खेळाडूवर जो खेळतच नव्हता!"

भावजींचा हात हवेत तसाच राहिला. बहीण पोळी भाजत होती. तिने ती उलटली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"चाचांनी त्याच दिवशी सांगितलं. ते मला विचारायला आले, पडद्यापलीकडून आवाज परका. मी तुझ्या आवाजाची वाट बघत होते. मी म्हटलं, माझा भाई का आला नाही ते खरं सांगा, नाहीतर कबूल म्हणत नाही. सगळ्या बायका घाबरल्या. चाचा निकाहाच्या वेळी खोटं कसं बोलणार? पडद्याशी वाकून त्यांनी हळूच सगळं सांगितलं. मी उठून आत जाणार होते, भाई. इतका राग आला होता. पण तो खेळतच नव्हता हे ऐकलं आणि मला हसूच फुटलं. त्या हसण्यातच म्हटलं कबूल. नाहीतर म्हटलं नसतं."

इतकी वर्षं मी तिच्या त्या हसण्यावर रुसून बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं पण नाही.

"मग साहेबाला एवढ्या शिव्या कशाला?" शेवटी मी विचारलं.

"मग काय घरच्या जावयाला द्यायच्या?"

तिने तवा उतरवला, कपात चहा ओतला आणि तो भावजींच्या पुढे धरला. "घ्या," ती म्हणाली, "चहा घ्या, साहेब."

भावजींनी खाली मान घालून कप घेतला. त्या दिवशी रेडिओ लावा असं ते म्हणाले नाहीत.