ओमेरचा बोंबार्डन

मेर्लेगेम गावात दोन बँड होते, एक चर्चचा आणि एक चर्चशी न पटणाऱ्या उदारमतवाद्यांचा. गणवेश वेगळे, कॅफे वेगळे, आणि मिरवणुका समोरासमोर येऊ नयेत म्हणून वेळाही वेगळ्या. वाजवायचे मात्र तेच. स्वरलिपीची पानं दोघंही कोर्त्रेक शहरातल्या एकाच दुकानातून आणत. इर्माचे वडील सिरील लामोत हे उदारमतवाद्यांच्या बँडचे संचालक. पेशानं खाटीक. चर्चच्या बँडातल्या माणसाला त्यांच्या दुकानात मांस मिळायचं, पण चांगला तुकडा मिळेलच असं नाही.

अशा घरातल्या मुलीनं, इर्मानं, ओमेर डेवालला पसंत केलं. ओमेर डेअरीचा ट्रक चालवायचा, शेतावर शेतावर फिरून दुधाचे कॅन गोळा करायचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या बँडात बोंबार्डन वाजवायचा. हे वाद्य म्हणजे मांडीवर घेऊन मिठीच मारावी लागते असा पितळी ऐवज. नावात बोंब असली तरी त्याच्या वाट्याला गाणं असं येत नाही. बाकीचे गाणं वाजवतात, बोंबार्डन खालून पोम पोम करतो.

ओमेर मागणी घालायला आला तेव्हा सिरील सुऱ्या धूत होते.

"वाजवतोस म्हणे," ते म्हणाले.

"हो. बोंबार्डन."

"कुणाकडे ते ठाऊक आहे मला. ते माझ्या घरात आणायचं नाही."

"ट्रकमध्येच ठेवीन."

एवढ्यावर लग्न ठरलं. लग्नात एका बँडला बोलावलं तर दुसरा रुसणार, म्हणून कुणालाच बोलावलं नाही. चर्चमधला ऑर्गन वाजला, तोही आटोपशीर, कारण ऑर्गनवाल्याला पुढे एक बाप्तिस्मा होता.

संसार चांगला झाला. लिव्ह आणि हिल्डे अशा दोन मुली झाल्या. रविवारी सकाळी इर्मा वडिलांकडे न्यायच्या रश्श्याच्या मागे असायची, म्हणून मुलींच्या वेण्या ओमेर घालायचा. कॅनची झाकणं आवळून आवळून त्याच्या हाताला सवय झाली होती. वेण्या बुधवारपर्यंत सुटत नसत. मग सगळे सिरीलकडे जेवायला जात. सासरा-जावई डुकरांबद्दल बोलत, पावसाबद्दल बोलत, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल तर फार आपुलकीनं बोलत. संगीताचा विषय एकदाही निघाला नाही, आणि त्या दोघांना दुसरं काहीच मनापासून आवडत नव्हतं.

घरी ओमेर धुणं धुवायच्या खोलीत सराव करायचा. मुली त्यावरच वाढल्या. लिव्हनं सहाव्या वर्षी पहिल्यांदा मिरवणुकीत आख्खी धून ऐकली, तेव्हा ती आईला म्हणाली की बाबांचं वाजवणं छान आहे, पण बाकीचे लोक मध्ये मध्ये फार आवाज करतात.

मग सिरील वारले. अंत्ययात्रेपुढे त्यांचा बँड चालणार हे उघडच होतं, पण त्या बँडचा बोंबार्डनवाला शिडीवरून पडून पायाला प्लास्टर घालून बसला होता. ओमेरला कुणी काही विचारलं नाही. इर्मानंही नाही. त्या सकाळी ती शवपेटीमागे दोन्ही मुलींचे हात धरून उभी राहिली, आणि शेजारी नवऱ्याची जागा रिकामी होती. मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात पुढून शोकधून सुरू झाली आणि तिच्या तळातून पोम, पोम असा आवाज आला. इर्मानं मान वर केली नाही. तो आवाज तिला धुण्याच्या खोलीतून इतकी वर्षं ऐकू येत होता. त्याच्या ठेक्यावर पाऊल टाकत ती दफनभूमीपर्यंत चालत गेली.

घरी आल्यावर ओमेरनं बूट काढले आणि मुलींनी काही खाल्लं का म्हणून विचारलं.

चर्चच्या बँडचे अध्यक्ष हे शाळेचे हेडमास्तर होते. त्यांनी ओमेरला बोलावून सांगितलं की दुसऱ्या बँडात वाजवणं नियमाविरुद्ध आहे, तेव्हा एक वर्ष बंदी. बोंबार्डन बँडच्या मालकीचा होता, तोही ठेवून घेतला. ही बातमी लागताच उदारमतवादी घरी आले. नवा कोरा बोंबार्डन देतो म्हणाले, आमच्याकडे ये.

"मी चर्चच्या बँडात आहे," ओमेर म्हणाला.

"अरे, त्यांनी काढलंय ना तुला?"

"वर्षभरापुरतं."

त्यांनी कॉफी घेतली आणि ते गेले.

त्यानंतर दर शुक्रवारी संध्याकाळी ओमेर अंघोळ करून, भांग पाडून, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायचा. काही मागायचा नाही, चिडायचाही नाही. भांडी पुसताना ओठ मिटून एकेका धुनेचा खालचा भाग म्हणायचा आणि वरचं गाणं जिथे असेल तिथे तेवढा वेळ थांबायचा. अशा एका थांबण्यात इर्माच्या हातातली बशी फुटली. पुढच्या सोमवारी ती हेडमास्तरांकडे गेली. चर्चच्या बँडातल्या कुणाच्या दारात लामोतांची मुलगी आपणहून गेल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

हेडमास्तरांनी नियम समजावून सांगायला सुरुवात केली. इर्मानं ऐकून घेतलं.

"नियम असू द्या, मास्तर," ती म्हणाली. "पण मग शुक्रवारी त्याला तुमच्या घरी पाठवते. तुमच्या स्वयंपाकघरात बसू दे."

त्या वसंतात चर्चचा बँड जिल्ह्याच्या स्पर्धेत तीन बँडांमध्ये तिसरा आला होता, हेही हेडमास्तरांच्या डोक्यात असावं. बंदी उठली. ओमेर गेला, आपल्या खुर्चीत बसला. संचालकांनी काठी उचलली.

पुढे मुलींची लग्नं झाली, दूध मोठ्या टँकरनं जाऊ लागलं, ओमेर निवृत्त झाला. पुढचे दात गेले तेव्हा दंतवैद्यानं सांगितलं की आता वाजवणं जमणार नाही. ओमेर दोन महिने धुण्याच्या खोलीत नव्या कवळीशी झगडला आणि परत बँडात गेला. एका नोव्हेंबरात, अंगणातली पानं गोळा करताना, तो खाली बसला तो उठलाच नाही. म्हातारा झाला होता. तरी इर्माला ते फार अचानक वाटलं.

दफनानंतर काही दिवसांनी बँडचा नवा संचालक, ब्राम नावाचा तरुण, बोंबार्डन परत न्यायला आला. सरळ तसं म्हणायची त्याला लाज वाटत होती. इर्मानं बोंबार्डन पुसून दाराशीच ठेवला होता. तिनं त्याला बसवलं, कॉफी दिली.

"मला एक सांग," ती म्हणाली. "तो वाजवायचा कसा?"

"ओमेरदादा? एक सराव चुकवला नाही त्यांनी."

"ते मी विचारलं नाही."

ब्रामनं कॉफी ढवळली. साखर कधीच विरघळली होती. "मध्यम," तो शेवटी म्हणाला. "बेताचं वाजवायचे."

"हं," इर्मा म्हणाली आणि तिनं तांदळाच्या टार्टचा आणखी एक तुकडा, चांगला मोठा, त्याच्या बशीत वाढला. त्याला तो नको होता, पण त्यानं खाल्ला.

बोंबार्डन गाडीच्या डिकीत मावेना. मागच्या सीटवरही नीट बसेना. शेवटी दोघांनी तो पुढच्या सीटवर बसवला, आणि इर्मानं स्वतः वाकून त्याला पट्टा लावला. "हळू चालव," ती म्हणाली. ब्राम हळू गेला. ती कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या अंगणात वळली.