बेलभंडारा आणि एकोणीस चिठ्ठ्या

राज्यशास्त्र शिकवण्यात आणि वर्तमानपत्रांतून निवडणुकांवर लिहिण्यात माझी हयात गेली. मत कुणाला दिलंत, का दिलंत, असं विचारून विचारून मी लोकांना वात आणला. ही खोड कुठून लागली असं कुणी विचारलं की मी काहीतरी विद्वान उत्तर ठोकून देतो. खरी गोष्ट आमच्या चुलीपाशी घडली. तिच्यातलं आता कुणी उरलं नाही, म्हणून सांगतो. नावं मात्र आजही सांगणार नाही.

साल सत्तावन्न. मी पुण्यात नवाकोरा प्राध्यापक, आणि अंगात शहाणपणा नुसता उतू जात होता. निवडणुकीचा अभ्यास करायचा म्हणून तीन आठवड्यांची रजा टाकून गावी आलो. गाव चाकणच्या वाटेवर, इंद्रायणीपासून अर्ध्या कोसावर. सोबत छापून आणलेले तक्ते होते: कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, धंदा, मत कुणाला. ते घेऊन मी घर न् घर पालथं घातलं.

अभ्यास कसला, उत्तर तर आधीच ठरलेलं! मतदानाच्या आधी भैरोबाच्या देवळात गावानं बेलभंडारा उचलला होता. म्हणजे घरटी एका कर्त्या पुरुषानं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शपथ वाहिली होती, की सगळं गाव एकाच पेटीत मत टाकणार. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पडद्याआड जायचं, हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. मी एका साप्ताहिकाला लेख धाडला, 'गाव एकमुखी'. माझ्या नावाखाली त्यांनी 'राजकीय निरीक्षक' असं छापलं. तो अंक मी खिशात घालून हिंडत होतो, आता काय लपवायचं?

मोजणी झाली आणि आमच्या केंद्रावरच्या दुसऱ्या पेटीत एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या.

गावात नुसता भडका उडाला. भंडारा मोडला! कुणी मोडला? सगळ्यांची बोटं गावच्या सुताराकडं, आमच्या सुतारमामांकडं वळली. त्यांचा मुलगा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात कामाला होता, तिथल्या युनियनच्या सभांना जायचा. झालं, एवढा पुरावा पुरला. यानंच घरं फितवली, असं चावडीवर ठरलं. ऐन खळ्याचे दिवस, वर्षाचं बलुत्याचं धान्य मिळायची वेळ, आणि सुतारमामांना सगळ्या खळ्यांवरून हात हलवत परत पाठवलं. त्यांच्याकडं कुणी औत दुरुस्तीला टाकायचं नाही असा हुकूम निघाला. हुकूम काढणाऱ्यांत माझे वडील पुढं होते.

सुतारमामा एका दुपारी आमच्या ओसरीवर आले. वडील शेतात होते. मामा बसले नाहीत, खांबाला धरून उभे राहिले.

"मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. तुमचं ऐकत्यात. म्या भंडारा मोडला न्हाई, येवढं सांगा की वो चावडीवर. न्हाईतर मला गाव सोडावं लागंल. कारखान्यात या वयात कोन घेनार मला?"

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष एकोणिसाच्या आकड्यात होतं. कोण असतील हे एकोणीस? त्या कोड्यानं मला झपाटलं होतं. मामांच्या पोटावर पाय आला होता आणि मला कोडं सुटायची घाई! आज आठवलं की लाज वाटते.

ते गेल्यावर मी गावातल्या बाप्यांची यादी घेऊन चुलीपाशी बसलो आणि एकेक नाव खोडू लागलो. हा नसेल, हाही नसेल. आई भाकरी थापत होती.

"कवाधरनं खोडतुयस रं?"

"भंडारा कुणी मोडला ते शोधतोय."

"कुनीच न्हाई मोडला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "बाप्यांनी उचलला, बाप्यांनी पाळला. आमी कुठं उचलला व्हता?"

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"आई! तू?"

"व्हय. आन् आनखी बी हायेत."

"पण का?"

"का म्हंजी? त्यो दुसरा उमेदवार येकदा भर दुपारी आला व्हता. समदे रानात. माज्याकडं पानी मागितलं. प्याला आन् म्हनला, बाई, हे पानी कुठनं आनता? म्या म्हनलं, नदीवरनं, दोन खेपा सकाळी, दोन सांजच्याला. त्यो ऐकत बसला. बास."

मी उडालोच. असला शोध पुण्यातल्या कुठल्या प्राध्यापकाला लागला होता? तिथंच कागद ओढला आणि लेख लिहायला घेतला. शीर्षकसुद्धा सुचलं.

"काय लिवतुयस?"

"हेच. म्हणजे सुतारमामाही सुटतील."

आईनं माझ्या हातातला कागद काढून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तो उलटा घालून मांडीखाली ठेवला.

"आन् आमी? खालच्या आळीतली ती, जिचा नवरा मीठ कमी पडलं तरी काठी घेतो, तिचं काय करशील?"

"मग मामांनी गाव सोडायचं?"

"बघते," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. त्या सांजेला नदीवरच्या पाण्याच्या खेपांना तिला नेहमीपेक्षा बराच उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जात्यापाशी गेली आणि दोन्ही हातांनी त्याचा धडधाकट खुंटा हिसकून काढला. वडील तोंड धुवत होते. "खुंटा निसटला," त्यांना एवढंच म्हणाली आणि सुतारमामांच्या अंगणाकडं चालू लागली. मी मागोमाग गेलो. मला राहवतंय होय!

तिच्यामागून शेजारीण आली, तिच्या हातात खुंटा. खालच्या आळीतली ती आली. मग दोघी, मग चौघी. गावातल्या सगळ्या जात्यांचे खुंटे एकाच सकाळी निसटले म्हणायचे! मी सवयीनं मोजायला लागलो. एकोणीस मोजून झाल्या, तरी बाया येतच होत्या. पाटलीणबाई आल्या. गावाच्याच पेटीत चिठ्ठी टाकली असं जी सगळ्यांना सांगत सुटली होती, ती माझी चुलतीही आली. तिशी उलटली तेव्हा मी मोजणं सोडून दिलं. कोणत्या एकोणीस ते आता देवालाही सांगता आलं नसतं.

सुतारमामा खुंट्यांच्या ढिगाकडं बघत राहिले. मग डोळे पुसून त्यांनी लाकूड तासायचा वाकस उचलला.

त्या दिवशी गावात दळण नाही. दुपारी बाप्ये रानातून भुकेले आले आणि रिकाम्या टोपल्या बघून चावडीवर जमले. शेवटी माझे वडीलच म्हणाले, "खुंटं तरी बसवून आना. आन् सुताराचं बलुतं धाडा, लेकरंबाळं हायेत त्याला." घरी आल्यावर त्यांनी आईकडं एकदा नीट बघितलं. मग हातपाय धुवायला गेले.

संध्याकाळी भाकरी झाली. मी जेवायला बसलो आणि आईला सांगितलं, तो लेख मी देणार नाही.

"नगं दिऊस," ती म्हणाली. मग माझे तक्ते कोपऱ्यात पडले होते तिकडं तिनं बघितलं. "येक सांग मला. तीन आठवडं गावभर इचारत फिरलास. रोज हितंच जेवलास. मला का न्हाई इचारलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी भाकरीचा मोठा तुकडा मोडून तोंडात कोंबला.