कड्याखालचा दुर्मीळ पक्षी

आजवर मी पुष्कळ गाढवपणा केलाय, पण यॉर्कशरच्या एका कड्याखाली जो केला तो माझ्या सासरी अजून कुणाला माहीत नाही. तुम्हाला सांगतो, पण तुमच्यापाशीच ठेवा.

मी केंब्रिजला एका हॉस्पिटलात कान-नाक-घशाचा डॉक्टर. रोज लोकांचे कान तपासतो, एवढं लक्षात असू द्या. माझा मित्र समीर सॉफ्टवेअरवाला, मूळचा पुण्याचा. त्याला चढाईचं वेड, आणि त्याच्या नादाने मलाही. इथल्या जुन्या पद्धतीच्या चढाईत खडकाला एकही खिळा ठोकायचा नसतो. भेगांत धातूचे तुकडे अडकवायचे, त्यांतून दोर न्यायचा आणि शेवटी सगळं काढून घरी यायचं.

एप्रिलमधल्या त्या रविवारी आम्ही गेलो ते प्रकरण फार नाजूक. म्हणजे कडा दणकट, परवानगी नाजूक. माळ एका शेतकऱ्याचा, आणि तो आम्हा चढणाऱ्यांना आधीच वैतागलेला. फाटकावर पाटी: आरडाओरडा नको, कुत्री नकोत, आणि पक्ष्याचं घरटं असल्याची शंका आली तर ताबडतोब चढाई थांबवून खालच्या नंबरवर फोन करा. समीरने मला चारदा बजावलं की आपण चुकलो तर कडा सगळ्यांनाच बंद होईल.

समीर तीसेक फूट वर पोचला होता. मी खाली दोर धरून उभा. एवढ्यात शेजारच्या झुडपातून आवाज आला, ‘चिप्’.

मी कान टवकारले. मिनिटभराने पुन्हा ‘चिप्’. काय करणार? ओरडायला बंदी! मी दोर हलकेच ओढला.

“अरे, पाडतोस का मला?” समीर वरूनच कुजबुजला.

मी हातांनी पंख फडफडवून दाखवले. त्याला वाटलं मला चक्कर येतेय. शेवटी तो निमूटपणे दोरावरून खाली आला, अडकवलेले तुकडे वरच सोडून. दोघांनी मिळून आवाज ऐकला आणि मी पाटीवरचा नंबर लावला.

अर्ध्या तासात मार्गारेटबाई आल्या. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, या माळावरच्या पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या. त्यांनी आम्हाला ओल्या झुडपांत पालथं झोपवलं, स्वतःही झोपल्या आणि घड्याळ लावलं. आवाज बरोबर ठरावीक वेळाने येत होता. इतका शिस्तशीर पक्षी चाळीस वर्षांत ऐकला नाही, असं त्या म्हणाल्या. मग मी माझं ज्ञान पाजळलं. आवाजाची पट्टी बघता पिल्लू असावं, भुकेलं असावं, असं मी कानाचा डॉक्टर म्हणून सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं हो!

तेवढ्यात लीड्सहून आलेली दोन पोरं दोर घेऊन उगवली. बाईंनी त्यांना हातानेच परत पाठवलं. मग शेतकऱ्याला फोन केला. जुलैपर्यंत कडा बंद ठेवायचं ठरलं, आणि तो खुशीने हो म्हणाला. समीरचा चेहरा रडवेला झाला. मला मात्र आपण निसर्गासाठी काहीतरी केल्याचं समाधान वाटत होतं.

आता फक्त आमच्या बॅगा काढायच्या राहिल्या होत्या. त्या नेमक्या घरट्याशेजारी. मी सरपटत गेलो, माझी बॅग छातीशी धरली आणि तसाच मागे सरकू लागलो.

‘चिप्.’

दहा फूट मागे आलो. ‘चिप्.’ वीस फूट. ‘चिप्.’

“हलू नका,” मार्गारेटबाई श्वास रोखून म्हणाल्या. “ते तुमच्या मागोमाग येतंय.”

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. त्या पिल्लाला मी आई वाटलो असेन, असा विचार आला मनात. मी हळूच त्याला “ये, ये” म्हणालो. मराठीत.

समीरने माझ्या हातातली बॅग घेतली, उघडली आणि आतून पांढरी, बशीएवढी, गोल वस्तू बाहेर काढली. आमच्या घरातला स्मोक अलार्म, धूर झाला की वाजणारा. बॅटरी संपत आली की तो दर मिनिटाला कोकलतो. गुरुवारी अनघाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो छतावरून काढून माझ्या हातात दिला होता, दुकानात दाखवून बॅटरी आण म्हणून. मी तो गाडीच्या डिकीतल्या या बॅगेत कोंबला आणि साफ विसरलो. तीन तासांच्या प्रवासात तो डिकीत बोंबलत असणार, पण पुढे समीरच्या सूचना चालू होत्या.

त्या अलार्मने सगळ्यांदेखत एकदा ‘चिप्’ केलं.

मी माफी मागितली. मार्गारेटबाईंनी शांतपणे वहीतलं पान फाडलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि शेतकऱ्याला पुन्हा फोन लावून कडा उघडा ठेवायला सांगितलं. त्याने कारण विचारलं तेव्हा “पक्षी उडून गेला” एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“बॅगेत अंडी वगैरे नाहीत ना?”

आणि देवाशपथ सांगतो, मी बॅगेत वाकून बघितलं.