मॅनेजर आणि समुद्राचा नारळ

उचगावात येऊन धोंडीरामचं घर विचारलं तर सापडणार नाही. 'सेफ्टी कुठं राहतो?' असं विचारायचं. मग कुणीही दारापर्यंत आणून सोडतं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्याची उमर गेली. काम भट्टीवर. भट्टीसमोर जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला होता आणि बूट न घालता पट्टा ओलांडणाऱ्याला धोंडीराम काही बोलायचा नाही. नुसता त्याच्या पायांकडं बघत उभा राहायचा. पाय शेवटचे बघून घ्यावेत, तसा. माणूस मुकाट जाऊन बूट घालून यायचा.

रिटायर झाल्यावर ही नजर घरावर आणि गल्लीवर पडली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो बायकोला, मीनाबाईला, ओट्यापासून लांब करतो. शेजारचा केरबा पत्र्यावर चढाय लागला की हा जाऊन शिडी धरतो, आणि खालून इतक्या सूचना देतो की केरबा काम न करताच उतरतो.

"सेफ्टी, आता पत्रा गळू दे," केरबा म्हणतो. "मी भिजून मरीन, पण शांततेत मरीन."

थोडक्यात, धोंडीरामचं ऐकणारं जगात आता एकच उरलं होतं. मॅनेजर.

मॅनेजर म्हणजे त्याचं कुत्रं. लांब तंगड्या, खपाटीला गेलेलं पोट, कुठल्या तरी पिढीत कारवानी शिकारी कुत्र्याचं रक्त मिसळलेलं. फाउंड्रीच्या गेटात पिल्लू असताना आलं. दिवसभर सगळ्या शेडमधनं हिंडायचं, प्रत्येकाच्या कामाकडं मान वाकडी करून बघायचं आणि स्वतः काही करायचं नाही. म्हणून मॅनेजर. निरोपाला कंपनीनं धोंडीरामला शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मॅनेजर तो स्वतःच घेऊन आला. तेव्हापासून रोज संध्याकाळी अंगणात "मॅनेजर, खाली बस," असं तो सावकाश, चवीनं म्हणतो. मॅनेजर बसतो. उभी नोकरी करून हे सुख मिळालं नव्हतं.

एका उन्हाळ्यात मॅनेजरला उलट्या लागल्या, रक्त पडाय लागलं. सलाईन लावून तो ओसरीत पडला. मीनाबाईनं हात जोडले, "ह्येला जगीव आई, समुद्राला नारळ सोडीन." समुद्र एवढ्यासाठी, की पंचगंगेला तिनं आधीच इतकं काही बोलून ठेवलं होतं, तिथं नवीन नवस घालाय जागाच नव्हती. मॅनेजर जगला. समुद्र लांब होता, नारळ राहून गेला.

यंदा मुलानं, संग्रामनं, गाडी घेतली आणि मीनाबाईला नवस आठवला. कुत्र्याचा नवस, तेव्हा कुत्रंही न्यायचं ठरलं. धोंडीराम लगेच मॅनेजरला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टर प्रियदर्शनीताईंनी मॅनेजरला तपासलं, पण खुर्चीच्या टोकावर बसलेल्या धोंडीरामलाच जास्त तपासावं असं त्यांना वाटलं असणार.

"काका, खेळवा की बिनधास्त," त्या म्हणाल्या. "पण फेकायचं ते किनाऱ्याच्या कडेकडेनं. आत समुद्रात नाही. कुत्रं वस्तूकडं बघतं, लाटेकडं बघत नाही. खारं पाणी पिऊ देऊ नका, प्यायचं घरनं न्या. वाळू तापली की थांबायचं."

"आनि बोलावल्यावर आलं न्हाई तर?"

"आल्यावर खायला देता ना? मग येतं. पण प्रत्येक वेळी द्यायचं. एकदा फसवलं की परत येत नाही."

फेकायचं काय, यावर धोंडीरामनं आठवडाभर डोकं चालवलं. काठीची ढलपी टाळूत घुसते. दगडानं दात पडतात. चेंडूला वाळू चिकटते, ती पोटात जाते. शेवटी त्यानं देवघरातला एक खुळखुळणारा नारळ उचलला. गिळता येत नाही, बुडत नाही, शेंडी धरून आणता येतो. माळावर रोज सराव सुरू झाला. नारळ उडाला की मॅनेजर सुटायचा, शेंडीला धरून आणायचा. परत बोलवायला धोंडीराम शिट्टी मारून "मॅनेजर, रिटन!" म्हणायचा. आल्यावर चहात बुडवून खायचा तो गोल बटर मिळायचा.

खरं तर मॅनेजरला परत बोलवायची युक्ती फाउंड्रीतली होती. तिथल्या धडधडाटात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, पण "चहा आलाऽऽ" ही आरोळी पार शेवटच्या शेडपर्यंत पोचायची. मॅनेजर त्या आरोळीवर वाढलेला.

"आबा, रिटन कशाला शिकवालाय?" संग्राम हसला. "चहा म्हणा की, उडत येतंय."

"चहावर येणारं कुत्रं शिस्तीचं न्हवं," धोंडीराम म्हणाला. विषय संपला.

गगनबावड्याचा घाट उतरून मंडळी देवगडच्या बाजूला एका मोकळ्या किनाऱ्यावर पोचली. धोंडीरामनं आधी चप्पल काढून वाळू तापलीय का बघितलं. मग जाळ्यांचे तुकडे, गळ, फुटक्या बाटल्या वेचल्या. मग पाण्याच्या अलीकडं टाचेनं लांबलचक रेघ ओढली. लाट आली, रेघ पुसून गेली. त्यानं परत ओढली. परत गेली. समुद्र बूट न घालता पट्टा ओलांडत होता आणि धोंडीराम त्याच्याकडं नजर रोखून उभा होता.

"अवो, त्यो रिटायर व्हनार न्हाय," मीनाबाई म्हणाली. "तुमीच सरका मागं."

खेळ मात्र झकास झाला. कडेकडेनं नारळ जायचा, मॅनेजर वाळू उडवत आणायचा, बटर खायचा, घरचं पाणी प्यायचा. ऊन चढल्यावर धोंडीरामनं खेळ थांबवला आणि मॅनेजरला गाडीच्या सावलीत बसवलं. खेळाचा नारळ पिशवीत गेला. काहीही झालं नव्हतं. काहीही न होणं ही त्याची आयुष्यभराची कमाई होती. आजही त्यात भर पडली म्हणून तो खुशीत होता.

मग मीनाबाईनं नवसाचा नारळ काढला. हळदकुंकू वाहिलं, फूल लावलं आणि नवऱ्याच्या हातात दिला. "जरा लांब सोडा. परत कडंला याय नको."

खेळ संपला होता. हे देवाचं काम होतं. धोंडीरामनं डोळे मिटले, नमस्कार केला आणि भट्टीवर घडलेल्या खांद्यातनं सगळा जोर लावून नारळ समुद्रात भिरकावला.

खेळ कुठला आणि देवाचं काम कुठलं, हे मॅनेजरला कुणी शिकवलं नव्हतं. मालकाच्या हातातनं शेंडीचा नारळ उडालेला त्यानं बघितला. धोंडीरामनं डोळे उघडले तेव्हा त्याच्या शेजारनं काहीतरी तांबूस सुसाट गेलं होतं आणि पहिल्या लाटेत शिरलं होतं.

"मॅनेजर! रिटन!"

लाट फुटली, मॅनेजर दिसला, परत दिसेनासा झाला. नारळ पुढं चालला होता आणि मागनं एक बारकं डोकं. धोंडीरामनं शिट्टी मारली. वाऱ्यानं ती मागं नारळीच्या बागेत नेऊन टाकली.

"ओहोटी लागली हा! आत जाव नकात!" मागनं चहाच्या टपरीवरची बाई ओरडली.

पण माणसानं गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, असं घाट उतरेपर्यंत बजावणारा धोंडीराम छातीइतक्या पाण्यात पोचला होता. संग्रामनं मागनं त्याचा सदरा मुठीत धरला होता. मीनाबाई काठावर उभी राहून समुद्राला काहीतरी बोलत होती. पण ती नवस बोलत होती की भांडत होती, हे ओळखायला येत नव्हतं. मॅनेजरचं डोकं लिंबाएवढं झालं.

धोंडीरामनं सगळी शिस्त सोडली. तोंडाला दोन्ही हात लावले आणि भट्टीवरनं शेवटच्या शेडपर्यंत जायचा तो आवाज काढला.

"चहा आलाऽऽऽ!"

लिंबू थांबलं. वळलं.

यायला त्याला बराच वेळ लागला. लाट पुढं आणायची, ओहोटी मागं न्यायची, आणि धोंडीराम घसा फुटेपर्यंत चहा आल्याचं सांगत होता. शेवटी हाताला मानेवरची कातडी लागली. दोघं वाळूवर आले तेव्हा मॅनेजरनं खारं पाणी ओकलं, अंग झाडलं आणि धोंडीरामसमोर बसून त्याच्या हाताकडं बघायला लागला.

पिशवीतले बटर संपले होते. धोंडीराम उठला, निथळत टपरीवर गेला.

"बटर हाय?"

"बटर नाय, खारी असा."

"द्या. लगेच द्या. आनि तीन चहा."

मॅनेजरनं खारी खाल्ली. धोंडीरामनं पेला उचलला, पण पहिल्या घोटाआधीच चहा मनगटावर सांडला. मीनाबाईनं खालनं पेला धरला आणि तो प्यायला तोवर धरून ठेवला. पोळेल, लांब हो, असं तो त्या दिवशी तिला म्हणाला नाही.

"मग नवस फिटला म्हनायचा काय?" संग्रामनं विचारलं.

"नारळ ठेवून घेतला, कुत्रं परत दिलं," मीनाबाई म्हणाली. "आनि काय फिटायचं असतंय रं?"

घरी पोचायच्या आत धोंडीरामनं संग्रामकडनं कुणाला न सांगण्याची शपथ घेतली. संग्रामनं ती नुसत्या आमच्याच गल्लीपुरती मोडली.

आता धोंडीरामच्या घरी पूजा असो की खंडेनवमी, नारळाला हात लावायच्या आधी आतनं आरोळी येते, "कुत्रं बांधलं काऽ?" रिटन बंद झालं. संध्याकाळी तो दारात उभा राहून "चहा आलाऽऽ" म्हणतो. मॅनेजर येतो, बटर घेतो. मागोमाग केरबा येतो. त्यालाही द्यावा लागतो. एकदा फसवलं की परत येत नाही.