लाव म्हणायचं नाही

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, पाणी तेवढं गेलं. दाळमिलच्या मागे आमचा बर्फाचा कारखाना होता. मी, शेषेराव, तिथे मशीनवर ऑपरेटर होतो. मशीन बिघडलं की मुखेडहून नरसिंग मिस्त्रीला बोलावणं जायचं.

नरसिंगइतका भित्रा मिस्त्री मी पाहिला नाही. फाटकाशी आला की बिडी पेटवायचा, पण ओढायचा नाही, धूर कुठल्या अंगाला जातो ते बघायचा. मग त्या बेतानं मशीनघराचं दार उघडून खाली वीट सरकवायचा. दाराशी स्वच्छ पाण्यानं काठोकाठ भरलेलं पिंप ठेवल्याशिवाय पान्याला हात घालायचा नाही. मी विचारायचो, "नरसिंगा, आंघोळ उरकून घेतोस का आधी?" तो हसायचा नाही. आमच्या मशीनमधला गॅस अमोनियाचा. जिथं ओल तिथं तो धावतो, डोळ्यात, नाकात, घशात, असं तो सांगायचा आणि सांगतानासुद्धा दोन पावलं मागे सरकायचा.

सगळ्यांत मोठं खूळ म्हणजे एक शब्द त्यानं कामावर बंद करून टाकला होता. 'लाव' म्हणायचं नाही. आपण दार लावतो म्हणजे बंद करतो आणि पंखा लावतो म्हणजे चालू करतो. मग व्हॉल्व्ह लाव म्हटल्यावर माणसानं काय समजायचं? हैदराबादला शिकत असताना या एका शब्दापायी त्याच्या जोडीदाराचे दोन्ही डोळे गेले होते. म्हणून 'खोल' किंवा 'बंद', एवढंच. तो ओरडला की व्हॉल्व्हवरच्या माणसानं तोच शब्द परत ओरडायचा आणि मगच चाक फिरवायचं. घरी तो बायकोलाही "दार लाव" म्हणत नसे. आम्ही त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचो. सगळ्यांत जास्त मी.

त्या उन्हाळ्यात बोअर आटला. मशीन थंड ठेवायला दिवसाला एक टँकर यायचा, तो पुरायचा नाही. दाबाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकायचा. फाटकाबाहेर बाया सकाळपासून घागरी घेऊन रांगेत बसायच्या, आमचा हौद भरून उरलं तर मिळेल म्हणून. अशातच मशीनघरातल्या पाइपाचा एक जोड गळायला लागला.

नरसिंग आला. बिडी, वीट, पिंप. पिंपाकडे बघून मालक चिडले, लोकांना प्यायला नाही आणि हा भरून ठेवतो म्हणाले. मीही मान डोलावली. नरसिंग म्हणाला की मग दुसरा मिस्त्री बघा. पिंप राहिलं.

व्हॉल्व्हचं चाक भिंतीच्या अलीकडे, ओसरीत होतं. चाकावर मी, जोडापाशी तो. आम्हांला एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. मी व्हॉल्व्ह बंद केला. त्यानं जोड खोलला, नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट आवळले. मग आवाज आला, "पाव फेरा खोल." मी म्हणालो, "खोल," आणि पाव फेरा दिला. आता तो गंधकाची पेटती कांडी जोडाभोवती फिरवणार होता. कुठे गळत असेल तर तिथे पांढरा धूर उठतो. नाही उठला तर पुढचा हुकूम 'पूर्ण खोल'. हे पाच वर्षांत मला इतकं पाठ झालं होतं, की माझे हात आधीच चाकावर आवळले होते.

आतून आवाज आला, "लाव!"

मी परत ओरडलो नाही. विचारलंही नाही. चाक अर्धा फेरा आणखी खोललं.

भिंतीपलीकडे जे फुसकारलं ते अजून माझ्या कानात आहे. उग्र वासाचा लोट ओसरीत आला आणि मग मला कळलं. पाच वर्षांत जो शब्द त्यानं तोंडातून निघू दिला नाही, तो निघाला होता. म्हणजे आत जीवावर बेतलं होतं, त्याला 'बंद' म्हणायचं होतं. मी व्हॉल्व्ह बंद केला. खोलतोय की बंद करतोय, हे मी दोनदा तपासलं. पिंपात पोतं बुडवून तोंडाला गुंडाळलं आणि आत घुसलो. नरसिंग उघड्या दाराकडे रांगत येत होता, डोळे मिटलेले. मी त्याला ओढून पिंपाशी आणला आणि पाणी ओतत सुटलो. पिंप संपलं. मी वेड्यासारखा "पाणी, पाणी" करत होतो. साखराबाई नावाची एक म्हातारी रांगेतून उठली. सकाळपासून बसून तिला एक घागर मिळाली होती. ती तिनं त्याच्या डोळ्यांवर हळूहळू, धार न मोडता ओतली. मागून दुसरी आली, तिसरी आली.

दवाखान्यात त्याची बायको पंचशीला माझ्याकडे बघत उभी होती. मी तिला खरं सांगितलं. नरसिंग मात्र सगळ्यांना सांगत राहिला, "शब्द माझाच चुकला." उजवा डोळा वाचला. डावा पांढरा झाला.

चार महिन्यांनी तो परत कामावर आला. तोवर मी चाकाला हात लावणं सोडलं होतं. चाक दिसलं तरी तळहाताला घाम फुटायचा. मी मालकांना म्हटलं, दुसरा माणूस द्या. नरसिंगनं पिंपात बोट बुडवून पाणी बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"न्हाई. व्हॉल्व्हवर शेषेरावच पायजेत. आता त्यांना भ्या वाटायलंय."

तो आत गेला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला, "बंद."

"बंद, नरसिंगराव," मी ओरडलो आणि मगच चाक फिरवलं.